हृदयाभोवती साचलेली हवा आली कुठून?

छातीत दुखायला लागलं की आपल्या घरांत निदान आधीच ठरलेलं असतं. माणूस पन्नाशीचा असेल तर हार्ट अटॅक, विशीतला असेल तर गॅस. विशीतल्याला मग ओवा आणि काळं मीठ, पाठोपाठ ॲसिडिटीची गोळी, आणि तरीही थांबलं नाही तर रात्री उशिरा कॅज्युअल्टी. बहुतेकांना खरोखरच काही गंभीर झालेलं नसतं. स्नायू आखडलेला असतो, नाहीतर पित्त वाढलेलं असतं. पण अशा तरुणांपैकी मोजक्या काहींच्या एक्स-रेत हृदयाच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसते. ती रेघ हवेची असते. पोटातल्या गॅसशी तिचा काही संबंध नाही. फुफ्फुसाच्या आत असायला हवी ती हवा बाहेर पडून हृदयाच्या आजूबाजूला जाऊन बसलेली असते.

या अवस्थेला न्यूमोमीडियास्टिनम म्हणतात. अपघात, शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर असं कुठलंही बाहेरचं कारण नसताना ती झाली तर तिला 'स्पॉन्टेनियस' हे विशेषण लागतं, म्हणजे आपोआप झालेली. 'हृदयाभोवती हवा' हे शब्द कानावर पडले की आईवडिलांचे हातपाय गळतात, आणि ते साहजिकच आहे. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगायला हवं. धडधाकट तरुणाच्या छातीतली ही हवा जवळजवळ नेहमीच आपली आपण जिरते. ऑपरेशन लागत नाही, नळी घालावी लागत नाही. डॉक्टरांचं डोकं जिथे चाललं पाहिजे तो प्रश्न वेगळाच आहे: ही हवा आली कुठून? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पेशंट चार दिवसांत कॉलेजला जाणार की तासाभरात ऑपरेशन थिएटरमध्ये, हे ठरतं.

आधी जागा समजून घेऊ. छातीच्या पिंजऱ्यात उजवीकडे एक आणि डावीकडे एक फुफ्फुस असतं. दोघांच्या मधे, पुढे छातीचं मधलं हाड आणि मागे मणका, यांच्यामधे एक उभी जागा उरते. तिचं नाव मीडियास्टिनम. हृदय इथेच बसतं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका, काही महत्त्वाच्या नसा, लसिकाग्रंथी, सगळं याच जागेत दाटीवाटीने असतं आणि त्यांच्यामधल्या फटी सैलसर पेशीजालाने भरलेल्या असतात. या जागेची एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे. ती वरच्या बाजूला बंद नाही. गळ्यातल्या सैल थरांशी ती सरळ जोडलेली आहे.

आता फुफ्फुस. श्वासनलिकेच्या फांद्या फुटत फुटत शेवटी ज्या सूक्ष्म फुग्यांत संपतात त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते ३० ते ५० कोटींच्या घरात असतात आणि एकेक जेमतेम मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा असतो. भिंत इतकी पातळ की तिच्यातून प्राणवायू रक्तात झिरपतो. एवढी नाजूक भिंत रोज हजारो वेळा ताणली जाते आणि टिकते, कारण शेजारचे वायुकोश एकमेकांना आधार देतात. पण एखाद्या वायुकोशात दाब अचानक वाढला आणि त्याच्या शेजारच्या रक्तवाहिनीभोवतीच्या थरात मात्र तेवढा दाब नसला, तर त्या नेमक्या सांध्यावर भिंत फाटते.

फाटल्यावर हवा कुठे जाते, हे कोडं कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातले चार्ल्स मॅकलिन यांनी सोडवलं. त्यांनी मांजरांच्या फुफ्फुसांत प्रमाणाबाहेर हवा भरून तिचा मागोवा घेतला आणि १९३९ मध्ये तो मार्ग मांडला. १९४४ मध्ये पत्नी मॅज मॅकलिन यांच्यासह त्यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. हा मार्ग आजही 'मॅकलिन इफेक्ट' म्हणूनच ओळखला जातो. पावसाळ्यात गच्चीला एका कोपऱ्यात तडा गेलेला असतो, पण पाणी तिथे दिसत नाही. ते भिंतीतल्या वायरीच्या पाईपाच्या कडेकडेने उतरत जातं आणि दोन खोल्या सोडून तिसऱ्याच खोलीत ओल येते. इथेही तसंच होतं. फुफ्फुसातल्या प्रत्येक रक्तवाहिनीभोवती पेशीजालाचं एक सैल वेष्टन असतं. फुटलेल्या वायुकोशातली हवा त्या वेष्टनात शिरते आणि वाहिनीच्या कडेने सरकत फुफ्फुसाच्या मुळाशी येते. मूळ म्हणजे जिथून सगळ्या वाहिन्या आणि नळ्या फुफ्फुसात शिरतात ती जागा. तिथून पुढे मीडियास्टिनमच लागतं. आपण श्वास आत घेतो तेव्हा मीडियास्टिनममधला दाब आणखी उतरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक हवा तिकडे खेचली जाते.

हीच हवा फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाला भोक पाडून बाहेर पडली असती तर फुफ्फुस आणि बरगड्या यांच्यामधे साचली असती आणि फुफ्फुस दबलं असतं. तो न्यूमोथोरॅक्स. लोकांनी तो जास्त ऐकलेला असतो, कारण त्यात छातीत नळी घालावी लागू शकते. दोन्ही एकदम होऊ शकतात, पण आजार म्हणून ते वेगळे आहेत.

तरुणांनाच हे का होतं? त्यांचं मीडियास्टिनमचं पेशीजाल मऊ आणि सैल असतं, हवेला वाट देतं. वय वाढतं तसं ते घट्ट होत जातं. शिवाय, ज्या कृतींमुळे वायुकोशातला दाब अचानक वाढतो त्या कृती तरुणपणी जास्त होतात. नोंदल्या गेलेल्या रुग्णांत पुरुष जास्त, आणि बरेचदा सडपातळ बांध्याचे.

या कृतींना जोडणारा धागा एकच: खोल श्वास घेऊन तो आत कोंडायचा आणि कुंथायचं. जिममध्ये वजन उचलताना आपण नेमकं तेच करतो. बाळंतपणात कळा देताना तेच होतं. फ्रान्सच्या राजघराण्याची सुईण लुईझ बुर्जवा हिने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, कळा सोसताना ओरडणं दाबून धरणाऱ्या बाईचा गळा सुजेल अशी भीती लिहून ठेवली आहे. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा पावणेतीनशे वर्षं बाकी होती, पण त्या सुईणीची नजर पक्की होती. जोरजोरात ओरडणं हेही कारण आहे. अमेरिकेत एका संगीत कार्यक्रमात सतत किंचाळल्यानंतर १६ वर्षांच्या एका मुलीच्या छातीत आणि मानेत हवा सापडली, आणि डॉक्टरांनी २०१७ मध्ये ती हकिकत प्रसिद्ध केली. फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणारे, फुगे फुगवणारे, इतकंच काय, फुफ्फुसांची क्षमता तपासायला मशीनमध्ये जोर लावून फुंकणारेही या यादीत आहेत.

तरी रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त भेटतात ते खोकला आणि दमा. दम्यात बारीक श्वासनलिका आवळल्या जातात, हवा आत शिरते पण पुरती बाहेर पडत नाही, आणि काही भागांतले वायुकोश फुगून तट्ट होतात. त्यावर खोकल्याची उबळ आली की भिंतीला ताण सहन होत नाही. गंमत नव्हे, पण कित्येक मुलांचा दमा पहिल्यांदा याच निमित्ताने ओळखला जातो. 'पावसाळ्यात जरा छाती भरते' एवढंच त्यांना माहीत असतं. लहान मुलांच्या आईवडिलांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते, जरी हा लेख तरुणांबद्दलचा असला तरी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला खेळता खेळता अचानक ठसका लागला आणि नंतर मान फुगली, तर शेंगदाण्यासारखं काही श्वासनलिकेत गेलं आहे का, हे त्याच दिवशी तपासून घ्या.

आणि मग गांजा. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे निदान अडतं. गांजाचा झुरका खोल ओढून आत धरून ठेवायचा, मग श्वास कोंडलेलाच असताना खोकला येतो आणि तो दाबला जातो. फुफ्फुसांसाठी याहून वाईट जुळणी क्वचितच असेल. व्हेपिंगचंही तेच. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, पण कॉलेजांच्या आसपास ती मिळत नाही असं कोणी म्हणणार नाही. आता कॅज्युअल्टीत काय होतं? मुलगा खाटेवर, शेजारी आई, पायथ्याशी वडील आणि मागे काका. डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात, "काही व्यसन वगैरे?" आणि मुलगा मान हलवतो. या उत्तरावर विसंबून पुढची तपासणी भलत्या दिशेने जाते, पैसे जातात, वेळ जातो. डॉक्टरांनी नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगून हा प्रश्न विचारावा, हे माझं ठाम म्हणणं आहे. आणि तरुणांनी हे लक्षात ठेवावं की डॉक्टरांना हे पोलिसांना कळवण्यासाठी नको असतं. 'झुरका ओढून धरला होता आणि मग दुखायला लागलं' हे एक वाक्य ऐकलं की हवा फुफ्फुसातून आली असावी याला मोठा आधार मिळतो आणि ती फाटलेल्या अन्ननलिकेतून आली असेल, हा दुसरा आणि जास्त गंभीर संशय बराच कमी होतो.

त्रास काय होतो? छातीच्या मधल्या हाडामागे अचानक कळ येते. खोल श्वास घेतला किंवा आडवं झालं की ती वाढते. कधी ती मानेत, खांद्यात, पाठीत जाते. दम लागतो. बऱ्याच जणांना छातीपेक्षा गळ्याचाच त्रास जास्त वाटतो: गिळताना दुखतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आवाज बदलतो, नाकातून येतो. म्हणूनच काही जण टॉन्सिल सुजले समजून घशाच्या डॉक्टरांकडे जातात. हवा वर चढून कातडीखाली आली की मान फुगते, क्वचित चेहराही. तिथे बोट दाबलं की कातडीखाली बारीक कुरकुर जाणवते. एकदा ही कुरकुर हाताला लागली की विसरता येत नाही, कारण सूज आणणाऱ्या इतर बहुतेक आजारांत ती अशी लागत नाही. ॲलर्जीने मान सुजली तर ती मऊ किंवा ताठ लागेल, कुरकुरणार नाही.

ऐकूही येतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे लुई हॅमन यांनी १९३९ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून या अवस्थेला हॅमन सिंड्रोम असंही म्हणतात. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक करकर आवाज येतो, डाव्या कुशीवर झोपवलं तर जास्त स्पष्ट. ठोका पडताना हृदय भोवतालच्या हवेच्या बुडबुड्यांना दाबतं, त्याचा तो आवाज. तो प्रत्येकात सापडत नाही, आणि डाव्या बाजूच्या लहान न्यूमोथोरॅक्समध्येही येऊ शकतो. तरीही मला वाटतं, विशीतला मुलगा छातीत दुखतंय म्हणून आला तर एकदा डाव्या कुशीवर वळवून शांतपणे ऐकावं आणि मानेवरून बोटं फिरवावीत. खर्च शून्य आणि वेळ मिनिटभर.

आता तो दुसरा उगम, ज्याच्यामुळे डॉक्टरांची झोप उडते.

१७२३ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. नेदरलँड्सच्या आरमाराचा मोठा अधिकारी, बॅरन यान व्हान वासेनार, भरपेट जेवणानंतर अस्वस्थ झाला. जड जेवण झालं की औषध घेऊन उलटी काढायची त्याची सवय होती. त्या दिवशीही त्याने तेच केलं. जोर लावून ओकारी काढताना त्याला एकाएकी भयंकर वेदना झाली आणि आत काहीतरी फाटलं असं तो स्वतःच म्हणाला. लायडनचे हेर्मान बूरहाव्हे हे त्या काळातले युरोपातले नावाजलेले वैद्य. त्यांना बोलावलं गेलं, पण कोणाचं काही चाललं नाही आणि बॅरन एका दिवसाच्या आत वारला. बूरहाव्हेंनी शवविच्छेदन केलं. कातडीखाली हवा होती. छाती उघडली तर आतून, त्याने जेवणात खाल्लेल्या बदकाच्या मांसाचा वास आला. अन्ननलिका आरपार फाटली होती आणि पोटातलं सगळं छातीत सांडलं होतं. १७२४ मध्ये त्यांनी हा वृत्तांत छापला. उलटीच्या जोराने अन्ननलिका फाटण्याला आजही त्यांचंच नाव आहे. शस्त्रक्रियेने असा रुग्ण वाचल्याचा वृत्तांत लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांनी १९४७ मध्ये दिला. मधली सव्वादोनशे वर्षं हा आजार म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता.

अन्ननलिका फाटली तरी एक्स-रेत हृदयाभोवती हवाच दिसते, अगदी तशीच काळी रेघ. पण इथे हवेबरोबर अन्न, लाळ, जठरातलं आम्ल आणि जंतूही छातीत उतरतात. काही तासांत तिथे पू व्हायला लागतो. इलाज लवकर झाला तर माणूस वाचतो, उशीर झाला तर प्रत्येक तास महाग पडतो. म्हणून 'हवा दिसली' एवढ्यावर सुटकेचा श्वास टाकता येत नाही आणि घाबरूनही चालत नाही. गोष्ट नीट ऐकावी लागते.

कशी ऐकायची? सगळ्यात आधी क्रम. आधी उलटी आणि मग छातीत फाटल्यासारखी कळ, असा क्रम असेल तर कान टवकारले पाहिजेत. पार्टीत भरपूर दारू झाली, मग जोराच्या उलट्या झाल्या, मग छातीत आणि पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखायला लागलं, हे ऐकून कोणीही 'हँगओव्हर आहे, झोप' म्हणू नये. ताप येतोय, नाडी पळतेय, घाम फुटलाय, चेहरा उतरलाय, दुखणं तासागणिक वाढतंय, एक्स-रेत हवेबरोबर छातीत पाणीही दिसतंय आणि तेही डाव्या बाजूला, ही सगळी अन्ननलिकेकडे बोट दाखवणारी लक्षणं आहेत. याउलट, उबळ येऊन गेल्यावर किंवा वजन उचलल्यावर दुखायला लागलं, ताप नाही, मुलगा बोलतोय, फोन बघतोय, नुसता श्वास घेताना कण्हतोय, तर उगम फुफ्फुसातलाच असण्याची शक्यता फार मोठी. उलटी झाली म्हणजे अन्ननलिका फाटलीच असंही नाही. उलटीत कुंथण्यानेही वायुकोश फुटतात, आणि बहुतेक तरुणांत तेच झालेलं असतं. पण हा निर्णय पेशंटला तपासून डॉक्टरांनी घ्यायचा आहे, घरी बसून आपण नाही.

हवा वरून खालीही येऊ शकते, हे फार लोकांना माहीत नसतं. अक्कलदाढ काढताना दातांचे डॉक्टर हवेच्या झोताने चालणारं ड्रिल वापरतात. क्वचित ती हवा हिरडीतल्या जखमेतून गळ्याच्या थरांत शिरते आणि उतरत उतरत छातीपर्यंत पोचते. दाढ काढून आल्यावर गाल आणि मान फुगून कुरकुरायला लागली तर डेंटिस्टला लगेच फोन करावा.

तपासण्यांबद्दल थोडं. पहिली तपासणी साधा छातीचा एक्स-रे, शक्यतो समोरून आणि बाजूनेही. समोरून काढलेल्या फोटोत हवा कधी कधी हृदयाच्या सावलीत लपते, बाजूच्या फोटोत छातीच्या हाडामागे ती उघडी पडते. ईसीजी काढतात तो हृदयविकार आणि हृदयाच्या आवरणाची सूज नाही ना हे पाहायला. सीटी स्कॅन सगळ्यात नेमका. एक्स-रेत न दिसलेली थोडीशी हवाही तो पकडतो. एक्स-रे संदिग्ध असेल किंवा हकिकत जुळत नसेल तर एकदा सीटी काढणं योग्यच आहे. अन्ननलिकेचा संशय असेल तर पाण्यात विरघळणारं एक औषध प्यायला देऊन ते कुठे गळतंय का ते स्कॅनमध्ये बघतात. पण संशय घ्यावा असं काहीच नसताना प्रत्येक तरुणाला हे सगळं करून दोन-तीन दिवस उपाशी ठेवायचं, वर महागडी अँटिबायोटिक्स चालू ठेवायची, याने साध्य फार थोडं होतं. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांचा आढावा घेऊन हेच म्हटलं आहे. आणि हवा गेली का ते बघायला पुन्हा सीटी काढणं तर मला अजिबात पटत नाही. विशीतल्या शरीराला विनाकारण क्ष-किरण कशाला?

आता मूळ भीतीकडे. हवा हृदयाला दाबणार नाही का? इथे ती वर उघडी असलेली वाट कामाला येते. मीडियास्टिनममध्ये दाब वाढला की हवा गळ्याकडे सरकते आणि कातडीखाली पसरते. मान फुगलेली दिसायला भयानक, पण ती फुगली याचा अर्थ आतला दाब मोकळा होतोय. त्यामुळे धडधाकट तरुणात हृदय दबण्याइतका दाब साठणं फारच दुर्मीळ.

मात्र हृदयाभोवती अजून एक, अगदी जवळची जागा आहे. हृदय स्वतः एका पिशवीत असतं, तिला हृदयावरण किंवा पेरिकार्डियम म्हणतात. ही पिशवी चहूबाजूंनी बंद. या पिशवीच्या आत हवा गेली तर त्याला न्यूमोपेरिकार्डियम म्हणतात, आणि त्याचा हिशेब वेगळा. बंद पिशवीत हवा वाढत गेली तर हृदयाला रक्त भरून घ्यायला जागा उरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा सुईने ती हवा तातडीने काढावी लागते. सुदैवाने आपोआप असं होणं अतिशय विरळा. बहुतेकदा छातीला मोठा मार, जंतुसंसर्ग किंवा व्हेंटिलेटर यांच्यामुळे ते होतं. एक्स-रेत दोघांमधला फरक बऱ्याचदा ओळखता येतो. पिशवीतली हवा हृदयाला वेढून असते आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळाशी थांबते, कारण पिशवी तिथेच संपते. कुशी बदलली की ती जागाही बदलते. मीडियास्टिनममधली हवा मात्र रेघारेघांनी वर गळ्यापर्यंत जाते आणि कूस बदलून लगेच हलत नाही. रिपोर्टवर यातला कुठला शब्द लिहिला आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या. गूगलवर शोधताना दोन्हीची सरमिसळ होते आणि नसलेली भीती डोक्यात बसते.

कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हा शब्द आपल्याकडे अनेक घरांनी पहिल्यांदा ऐकला आणि तो वाईट बातमीबरोबर ऐकला. त्या रुग्णांची फुफ्फुसं आजाराने आधीच पोखरलेली होती. निरोगी तरुणाशी त्याची तुलना करू नये. ज्यांच्या घरात तेव्हा असं घडलं त्यांना आज मुलाच्या रिपोर्टवर तोच शब्द पाहून धस्स होणं मी समजू शकतो, आणि म्हणूनच डॉक्टरांनी हे आपणहून बोलून दाखवायला हवं.

उपचार सांगायला फार वेळ लागत नाही. विश्रांती, दुखणं कमी करणारी गोळी, खोकला असेल तर तो दाबणारं औषध, दमा असेल तर त्याचा नीट इलाज. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पोट साफ राहील असं बघायचं. एखादा दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवतात ते लक्ष ठेवायला: ताप येत नाही ना, दुखणं वाढत नाही ना, न्यूमोथोरॅक्स होत नाही ना. काहींना मास्कने ऑक्सिजन देतात. त्यामागचं शास्त्र छान आहे. साचलेल्या हवेचा मोठा भाग, साधारण ७८ टक्के, नायट्रोजन असतो, आणि तो रक्तात हळूहळूच जिरतो, कारण रक्तातही आधीच तेवढा नायट्रोजन असतो. ऑक्सिजन श्वासात जास्त घेतला की रक्तातला नायट्रोजन उतरतो आणि साचलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात ओढला जातो. सौम्य त्रास असलेल्याला याची गरज असतेच असं नाही. दुखणं सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतं आणि हवा आठवडा-दोन आठवड्यांत जिरून जाते. मान चोळायची नाही, शेकायची नाही, हवा 'उतरवायला' मालीश तर मुळीच नाही.

पुन्हा होतं का? होऊ शकतं, पण क्वचित. दमा काबूत नसेल किंवा झुरके चालूच असतील तर ती शक्यता आपणच ओढवून घेतो. सगळं शांत झाल्यावर एकदा फुफ्फुसांची क्षमता तपासून घ्यावी, विशेषतः ज्यांना खोकल्याच्या उबळीनंतर हे झालं त्यांनी. वजनं उचलणं, फुंकायची वाद्यं आणि जोराचे खेळ काही आठवडे बंद ठेवून डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू करावेत. जिममध्ये परतल्यावर वजन वर नेताना श्वास सोडायची सवय लावावी, कोंडून धरायची नाही.

विमानप्रवासाचं तिकीट काढलेलं असेल तर डॉक्टरांना तारीख सांगा. विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो, आणि त्या दाबाला शरीरात अडकलेली हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते. म्हणून हवा पूर्ण जिरेपर्यंत प्रवास पुढे ढकलणं बरं. परीक्षा किंवा व्हिसाची मुलाखत असली तरी.

पाण्याखालचं गणित याहून कडक आहे. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला स्कूबा करायला आता कॉलेजचे ग्रूप सहज जातात. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखूनच वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि निरोगी वायुकोशही फुटतात. 'श्वास कधीही रोखू नका' हा प्रशिक्षकाचा पहिला नियम त्यासाठीच असतो. ज्याला एकदा हृदयाभोवती हवा साचली आहे त्याने डायव्हिंगआधी भरायच्या आरोग्याच्या फॉर्मवर ते लिहावं, दमा असेल तर तोही लिहावा, आणि छातीच्या डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत बोटीवर बसून बाकीच्यांचे कपडे सांभाळावेत.